वधूपित्याचे दोन शब्द

ब्रेमांगर, ७ एप्रिल १९७४

ती. आस्लाउगताईस,
धाकट्या तोरलाइव्हचा सा. न. वि. वि.

तू विणलेले मोजे पोचले. एक जरा मोठा झालाय, पण माझा डावा पाय मोठा आहे, हे तुझ्या लक्षात राहिलं असणार.

बातमी अशी की, आपल्या सिनोव्हचं लग्न ठरलं. २२ जून. मुलगा एइविन, फ्लोरोच्या शाळेत मास्तर आहे. स्वभावानं चांगला. रंधा उलटा धरतो, पण पोरगी होडीबांधणाऱ्याची असली तरी जावई तसाच हवा असं थोडंच आहे!

आता खरं काम. लग्नाच्या जेवणात वधूपित्यानं उठून बोलायचं असतं. ते माझ्यानं होणार नाही. माझी बोर्गहिल्ड गेली तेव्हाचं तू पाहिलंसच. दफनानंतरच्या जेवणाला उभा राहिलो, टेबलाकडे बघत राहिलो आणि बसलो. पाच वर्षं झाली, अजून तो टेबलक्लॉथ स्वप्नात येतो. तेव्हा माझ्या वतीनं तूच बोल. चाळीस वर्षं वर्गासमोर बोललीस, तुला काय जड?

होकार पत्रानं कळव. दुकानातल्या फोनवर अख्खं गाव कान लावून असतं.

लोभ आहे, तो माझ्या या भित्रेपणापायी कमी करू नकोस.
तोरलाइव्ह


बर्गन, १६ एप्रिल

चि. तोरलाइव्ह यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सिनोव्हची बातमी वाचून इतका आनंद झाला की कॉफी उतू गेली. पण तुझ्या वतीनं मी बोलणार नाही.

रागावू नकोस, आधी ऐक. तू सहा वर्षांचा होतास. शाळेच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी तुझं नाव विचारलं, तू पांढराफटक पडलास आणि मी मागच्या बाकावरून ते ओरडून सांगितलं. तेव्हापासून मी थांबलेच नाही. दुकानात तुझं सामान मी मागायची, चर्चमधल्या परीक्षेत तुझी उत्तरं मी पुटपुटायची. लोक म्हणायचे, काय गुणाची बहीण आहे! मलाही तसंच वाटायचं. आता सेवानिवृत्त होऊन खिडकीत बसल्यावर वाटतं, तू तोंड उघडायच्या आत मी तुझा घास पळवत आले.

आणखी एक. सांगू की नको, असं फार दिवस चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात सिनोव्ह माझ्याकडे राहिली, तेव्हा तिनं विचारलं, आत्या, आईबद्दल बोलण्यासारखं बाबांजवळ काहीच नव्हतं का? मी सांगितलं की तसं नाही, त्याला भीती वाटते. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नाही. हे मी सांगून पटणारं नाहीच, तोरलाइव्ह.

दोन महिने आहेत. आधी चार माणसांत एकच वाक्य बोल. मग दोन. कागद हातात ठेवायला लाज वाटू देऊ नकोस, मीही ठेवायची.

तुझ्यावर लोभ आहे म्हणूनच नकार दिला, हे ध्यानात असू दे.
तुझी ताई


ब्रेमांगर, २० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आठवडाभर तुझ्यावर चिडून होतो. सिनोव्हचं वाक्य मात्र रंध्याबरोबर पुढेमागे फिरत राहिलं.

परवा सहकारी दुकानाची सभा होती. उभा राहिलो. धक्क्यावरचा दिवा नाताळपासून बंद आहे, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, ऐकू आलं नाही, पुन्हा बोला! ताई, जीव नकोसा झाला. पण पुन्हा म्हणालो, आणि या खेपेला म्हातारी ओडनीसुद्धा, जिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, मान डोलावत होती. बसता बसता शेजारच्याची कॉफी सांडली.

आता रोज अर्ध्या बांधलेल्या होडीत उभा राहून भाषण वाचतो. फळ्यांना ते पाठ झालंय, मला नाही. बोर्गहिल्डचं नाव आलं की तिथेच अडतो.

तू जवळ बसशील ना? लोभ असेलच, पण त्या दिवशी जरा जास्त घेऊन ये.
तोरलाइव्ह


बर्गन, २७ जून

चि. तोरलाइव्ह यास,
अनेक आशीर्वाद, आणि आज थोडा आदरही.

तुला समोरचं काहीच दिसत नव्हतं असं म्हणालास, म्हणून मला दिसलं ते लिहिते. चमच्यानं पेल्यावर टकटक झाली, तू उठलास, पहिल्या चार ओळी नीट वाचल्यास. मग बोर्गहिल्डचं नाव आलं आणि तू थांबलास. पाद्रीबुवा ताटात बघू लागले. माझ्या जिभेवर तुझं पुढचं वाक्य तयार होतं. मी खुर्ची मागे सरकवली, अर्धी उठलेसुद्धा. तेव्हा तू माझ्याकडे न बघता हात आडवा केलास.

मी बसले. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. गप्प राहणं इतकं अवघड असतं हे मला या वयात कळलं.

आणि मग तू सांगितलंस की, बोर्गहिल्ड एकाच वसंतात वडिलांची होडी तीनदा दुरुस्तीला घेऊन आली. दर वेळी तीच फळी निखळलेली. तिसऱ्यांदा तुला फळीवर छिनीची खूण दिसली, आणि तू तिला म्हणालास, इथे यायला काही मोडावं लागत नाही. सगळं टेबल हसत होतं. मी तुझी सख्खी बहीण, मलाही हे ठाऊक नव्हतं! सिनोव्ह हसत नव्हती. ती तुझ्याकडे नुसती बघत होती. नंतर ती तुला काय म्हणाली, ते मला विचारायचं धाडस झालं नाही. तूच कळव.

माझा लोभ तुला ठाऊक आहे. तुझा मला आता नव्यानं मिळू दे.
ताई


ब्रेमांगर, ३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही. गळ्यात पडली आणि नाचायला गेली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या बोटीनं दोघं निघणार होती. नऊला ती एकटीच कारखान्यात आली, लाकडाच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, बाबा, मग आई काय म्हणाली?

मी सांगितलं. मग तिनं पुढचं विचारलं, मी पुढचं सांगितलं. तिच्या आईनं आमचं पहिलं जेवण कसं करपवलं, सिनोव्ह जन्मली तेव्हा काय म्हणाली, शेवटच्या हिवाळ्यात आम्ही दोघं काय बोलायचो. शेवटी दफनाच्या दिवशी मनात होतं तेही सांगितलं. ती रडली. मीही रडलो, पण बोलणं थांबलं नाही.

बोटीचा भोंगा वाजलेला दोघांनाही कळला नाही. थोड्या वेळानं दोन्ही हातांत बॅगा घेऊन एइविन दारात आला. बिचारा नम्रपणे म्हणाला, सासरेबुवा, तुम्ही फारसे बोलत नाही असं मला सांगितलं होतं. दहाची गेली, निदान दोनची तरी मिळेल ना?

दोनचीही चुकली. संध्याकाळच्या बोटीनं गेली.

लोभ असू दे, ताई. आणि या खेपेला तू फोनच कर; गाव ऐकेल तर ऐको.
तोरलाइव्ह