तीळ आणि हरभरा

पिंपळवंडी,
मंगळवार, दुपारी

प्रिय प्राची,

पत्र पाहून घाबरू नकोस. इथं कुणाला काही झालेलं नाही. मी फोनच करणार होतो. तीन वेळा लावलाही. तिन्ही वेळा आपल्या रामदासनेच, माझ्या लेकाने, उचलला आणि स्पीकरवर टाकला. दोन माणसं एकदम ऐकायला लागली की मला बोलायचं असतं ते राहून जातं. मी कांद्याच्या बाजाराचं काहीतरी बोललो आणि ठेवून दिला. सातवी शिकलेल्या माणसाला लिहायला वेळ लागतो, पण चुकलं तर खोडता तरी येतं. हे पत्र तू एकटीने वाच. मग रामदासला दाखवायचं की नाही ते तू ठरव.

रविवारी रामदास म्हणाला की शुक्रवारी श्रेयाला पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. माघात इथं तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, त्या दिवशी तिने काय काय खाल्लं होतं त्याची यादी त्यांनी मागितली आहे. आणि तोवर तीळ बंद, हरभरा बंद, डाळीही बंद. कारण कुणाच्या हाताला लागलेल्या तुपाने एवढं होत नाही, मग दोष दुसऱ्या कशाचा तरी असणार. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. चार वर्षांच्या पोरीचं दूध जन्मापासून बंद. आता तीळ आणि हरभराही काढला तर ती खाणार काय? नुसता भात? भाताने अंग धरत नाही. भात खाऊन दोन तासांत पोर पुन्हा भुकेजते. तू म्हणशील, आबा उगाच काळजी करतात. करतो. माझा स्वभावच तसा आहे. मोटार बंद केली की नाही हे पाहायला मी विहिरीवर दोनदा जातो, आणि बिबट्याच्या भीतीने दुसऱ्या खेपेला काठी घेऊन जातो. तुला ते माहीत आहे.

दिवाळीनंतर तुम्ही दोघी इथं राहायला आलात तेव्हाचं आठवतं. तुझं काम कॉम्प्युटरवरचं, रेंज फक्त माडीवर यायची, म्हणून तू माडीवर बसायचीस आणि श्रेया माझ्याबरोबर वाफ्यात. विहिरीकडचे सहा गुंठे मी तुझ्या सांगण्यावरून बिनफवारणीचे ठेवले. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत केलं, ड्रमातून पाटाला सोडलं. आसपासचे हसत होते. त्यांच्या टोमॅटोवर आठवड्याला दोन फवारे आणि माझ्या वांग्यावर मी ऊन उतरताना बसून हाताने अळ्या वेचतोय. श्रेया त्या डब्यात मोजून टाकायची. वीसच्या पुढे तिला येत नव्हतं, म्हणून ती वीस झाल्या की पुन्हा एकपासून.

तुझा स्वयंपाक मला पहिल्यांदा कळेना. तू म्हणालीस, हे भूमध्य समुद्राच्या काठावरच्या लोकांचं जेवण आहे, तिथं भाज्या, कडधान्यं आणि तेल यांवर माणसं धडधाकट राहतात, आणि त्यात दुधाशिवाय भागतं असे पुष्कळ पदार्थ आहेत. हा समुद्र मी नकाशात भरला होता, निळ्या खडूने. त्याच्या काठावरचे लोक हरभरा खात असतील असं कधी मनात आलं नव्हतं. तू रात्री भिजवलेला हरभरा मऊ शिजवून, भाजलेले तीळ, लसूण आणि लिंबू घालून मिक्सरला लोण्यासारखा वाटायचीस. ताटलीत पसरून चमच्याने मधोमध खड्डा करायचीस आणि त्यात घाण्याचं शेंगदाणा तेल ओतायचीस. ऑलिव्हच्या तेलाची बाटली संपल्यावर तू म्हणालीस, इथं जे पिकतं तेच वापरायचं, तेही त्या लोकांसारखंच झालं. वांगं चुलीत भाजून तिळाबरोबर कालवलंस तेव्हा मी म्हणालो होतो, हे तर आपलं भरीत, फक्त मिरची पळून गेलेली. निरगुडसरच्या दादाभाऊंच्या शेडमधून ती हॉटेलात जाणारी, कोथिंबिरीसारखी दिसणारी भाजी आणायचीस आणि दलियात भरपूर चिरून टोमॅटो-काकडी घालायचीस. ढोबळी मिरचीत भात आणि मसूर भरून शिजवायचीस. श्रेया बाजरीच्या भाकरीने हरभऱ्याची ताटली चाटून पुसून खायची आणि तेल हनुवटीवरून ओघळायचं. तूही तिच्यासाठी दूध सोडलंस, चहासुद्धा कोरा. सून म्हणून नाही, माणूस म्हणून मला त्याचं मोल वाटलं. बोलून दाखवलं नाही.

ठकूबाई तेव्हा रोज यायची. शेजारची म्हणून नाही, तुझी धावपळ पाहून. तुझा मिक्सर लावून द्यायची, वांगी भाजून द्यायची, भांडी घासायची आणि टोमणेही मारायची. तिळाचा तो करडा गोळा पाहून म्हणाली होती, "आबा, घरात लक्षुमी नांदतीय अन् नातीला पेंड चारताय व्हय?" तू हसलीस, मीही हसलो. पण तो शब्द माझ्या मनात रुतला. श्रेयाचे हात बारीक होते. गावातली बायामाणसं तिच्या दंडाला धरून बघायची. पिठाच्या गिरणीवर हौसा म्हणाली, "पुण्याची हाय ना, वाऱ्यानं उडंल." तुझी सासू, प्रयागबाई, असती तर तिने एकाही लेकराला तुपाशिवाय पानावर बसू दिलं नसतं. आमच्यात पाहुण्याला कोरडं वाढत नाहीत. घरातल्या लेकराला तर नाहीच. भातावर तुपाचा थेंब पडला की मग अन्न अन्न होतं, असं मी जन्मभर पाहिलंय.

तू मला सांगितलं होतंस. पहिल्याच आठवड्यात, ओट्याजवळ उभी राहून, सावकाश. म्हणालीस, "आबा, दूध, दही, ताक, लोणी, तूप, यातलं काहीही नाही. तूपसुद्धा दूधच." मी मान हलवली. मान हलवली म्हणजे मला पटलं असं तू समजलीस, त्यात तुझी चूक नाही. मला मनातून वाटत होतं, दूध दुसऱ्या दिवशी नासतं, तूप वर्षभर राहतं. दुधातलं सगळं जळून जातं तेव्हा तूप होतं. मग तूप दूध कसं? शिकलेली माणसं पुस्तकात वाचतात, पण तुपाला दूध म्हणणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्या मंगळवारी काय झालं ते तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. दुपारी श्रेयाने हरभऱ्याची ताटली खाल्ली. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले. दादाभाऊंचा टोमॅटोचा पिकअप समोरच उभा होता. त्यांनी क्रेट उतरवायला सुद्धा वेळ घालवला नाही. नारायणगावच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि तासाभरात श्वास मोकळा होऊन पोर रडायला लागली. रडली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. तू बाहेर आलीस. हातात ती ताटली होती, घाईत बरोबर आलेली. तू ती हुंगलीस आणि म्हणालीस, "तुपाचा वास येतोय."

ठकूबाईने त्या सकाळी तिच्या घरी लोणी कढवलं होतं. तिच्या पदराला वास होता. संध्याकाळी घरी परतल्यावर तू तिला विचारलंस, "मावशी, हात धुवून आला होतात ना?" ती म्हणाली, "धुतले व्हते, प्राचीताई." तू म्हणालीस, "नीट धुतले असते तर ही वेळ आली नसती." तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुण्याला गेलात, आणि ठकूबाई तेव्हापासून आपल्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही.

आता इकडची बातमी. तुझं ते हात धुण्याचं बोलणं गावभर झालं. चैत्रातल्या जत्रेला भाकऱ्या थापायला दरवर्षी ठकूबाईला पहिलं बोलावणं असतं. यंदा आलं नाही. तिच्या तोंडावर कुणी काही म्हटलं नाही, बोलावणंच आलं नाही. बारशाला बोलावणाऱ्यांनीही दुसरी बाई पाहिली. तिची लेक जया पुण्यात नोकरी करते, ती परवा घरी आली आणि मला रस्त्यात भेटली, पण थांबली नाही. सहा गुंठ्यांत घेवडा लागलाय, टोमॅटो गळतात. मी एकटा आहे, म्हणून तुझ्यासारखा हरभरा करून पाहिला. तीळ करपले, मिक्सर तापून बंद पडला, लिंबू जास्त झालं. दोन दिवस तेच खाल्लं. वाईट नव्हतं.

रविवारी रामदासने तीळ-हरभऱ्याचं सांगितलं आणि सोमवारी सकाळी मी ठकूबाईच्या दारात गेलो. ती अंगण झाडत होती. मी काय केलं होतं ते सांगितलं. ती झाडायची थांबली नाही. म्हणाली, "मला ठाव व्हतं. तुमची वाटी मीच घासली त्या दिवशी, आत चमचा पोरीचा व्हता." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तेव्हा तिने केरसुणी टेकवली. "मी का सांगू? सासऱ्याचं नाव सुनंफुडं घेतलं असतं तर ती पोर तुमच्या घरात पुन्यांदा पाऊल टाकती का? मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. दोन महिनं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात, आबा. लाज नाय वाटली?" वाटली, असं मी म्हणालो. "मला सांगून काय उपेग? तिला लिव्हा. जया उद्या संध्याकाळी निघतीय, ती हातात नेऊन देईल." म्हणून हे पत्र जयाबरोबर येतंय. जयाला पाणी दे, आणि तिला काही विचारू नकोस. तिला तिच्या आईने सगळं सांगितलं आहे.

तर ऐक. त्याआधी सात-आठ दिवस मी रोज श्रेयाच्या भातात बोटाच्या टोकाएवढं तूप घालत होतो, तू माडीवर असताना. तिला काहीच झालं नाही, म्हणून माझा धीर वाढला. त्या मंगळवारी ठकूबाईने मला माझ्या आवडीची म्हणून वाटीभर बेरी आणून दिली होती, तूप कढवल्यावर तळाशी राहते ती, साखर घालून. तिने ती मला दिली होती, श्रेयाला नाही. मी त्यातली दोन चमचे श्रेयाच्या ताटलीतल्या खड्ड्यात घातली आणि तुझं तेल वर पसरून झाकली. तिला चव आवडली. तिने आणखी मागितली. ठकूबाईचे हात स्वच्छ होते. गेल्या आठवड्यात मी नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंना, नाव न सांगता, विचारलं. त्या म्हणाल्या, तुपात कमी, पण बेरीत दुधाचा सगळा जीव उतरलेला असतो. शुक्रवारी डॉक्टरांना हे असंच वाचून दाखव: बेरी, दोन चमचे, मंगळवारी दुपारी, आणि त्याआधी आठवडाभर थोडं थोडं तूप. तिळाने आणि हरभऱ्याने श्रेयाला त्याआधी तीन महिन्यांत कधी काही झालेलं नाही. पुढे काय द्यायचं ते तेच ठरवतील, पण त्यांनी खरं ऐकून ठरवावं. तुम्ही कधी इकडे आलात तर श्रेयाचं ताट मी वाढणार नाही. याल की नाही हे मी विचारत नाही. तुझा पहिला फोन ठकूबाईला जाऊ दे. दिवसा कर आणि स्पीकरवर टाकायला सांग, म्हणजे ती ओट्यावर चार बायांत बसलेली असेल आणि तुझं बोलणं त्यांनाही ऐकू जाईल.

तुझाच,
आबा
(हौशीराम)