पुरातून आलेला तांब्या

आबा, माझ्या कादंबरीचा शेवट प्रकाशकांना पटलेला नाही. रहस्यकथा आहे, तिसाच्या दशकातल्या आपल्या नाशिकच्या पुरातली. गंगा, म्हणजे आपली गोदावरी, उतरल्यावर गाळात एक तांब्या सापडतो, त्यावर बुडालेल्या मुलीचं नाव असतं, आणि तो तिथं कुणी ठेवला ते शोधायचं असतं. तुम्हाला अर्थातच शोधायची गरज नाही.

पूर ओसरला तेव्हा तांबट आळी गप्प होती. समोरच्या मावशींची लेक पलीकडे पंचवटीत दिली होती. ती घरासकट वाहून गेली, सापडली नाही. मावशी घाटाच्या पायरीवर जाऊन बसल्या त्या उठेचनात. पोटात अन्न नाही, डोळ्यांत पाणी नाही. आई भाकरी न्यायची आणि तशीच परत आणायची. "ही बाई आता जगत नाही," असं ती चुलीपुढं तुम्हाला म्हणाली. तुम्ही जेवण अर्धं टाकून दुकानात गेलात. ठोके ऐकू आले म्हणून मी डोकावते, तर तुम्ही नव्याकोऱ्या तांब्याला पोचा पाडत बसला आहात. जन्मभर लोकांच्या भांड्यांचे पोचे काढणारा माझा बाप! "आबा, चांगला तांब्या कशाला बिघडवता?" असं विचारलं, तर केवढ्यानं खेकसलात, "जा, आईला मदत कर!" तुमचं तेवढं एकच रागावणं मला आठवतं, आणि ते मला फार आवडतं.

दुसऱ्या दिवशी चिखलानं बरबटलेला तो तांब्या घेऊन तुम्ही घाटावर गेलात. आई आणि मी मागोमाग होतो. लेकीच्या लग्नातल्या भांड्यांवर नावं तुम्हीच घातली होती, त्यामुळे अक्षर तेच. "वहिनी, हा गाळात सापडला," म्हणालात. खोटं बोलायची सवय नाही, कान लालबुंद झाले होते. मावशींनी नावावरून बोट फिरवलं, तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला. मग आईच्या खांद्यावर हात टाकून घरी आल्या आणि चतकोर भाकरी खाल्ली. तुम्ही किती खूश होतात! पुढं कितीतरी दिवस आईला सांगायचात, "पोचा अगदी बरोबर जमला होता बघ."

तुम्ही गेलात, त्या वर्षी मावशींनी मला बोलावून घेतलं. फार थकल्या होत्या. फडताळातून त्यांनी दोन तांबे काढले. दोन्हींवर लेकीचंच नाव.

"पंचमीला माहेरी आली होती ना, तेव्हा तिचा तांब्या इथंच विसरून गेली," त्या म्हणाल्या. "भावजींनी तो दुसरा आणला, तेव्हा खरा माझ्या घरातच होता गं."

"मग मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? त्यांचे लाल कान बघितले. म्हटलं, माझ्यासाठी हा माणूस एवढं खोटं बोलतोय, आता उठायला हवं."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आबा. तुमच्या जाण्याचं रडू मला तिथं आलं.

प्रकाशक म्हणतात, शेवटी वाचकाला एखादा धक्का द्या. तो धक्का माझ्या कपाटात आहे. मावशींनी जाण्यापूर्वी दोन्ही तांबे मला दिले. पण मी तो लिहिणार नाही. माझ्या कादंबरीत मावशी फसतात आणि तांबटाचा पोचा बरोबर जमतो. हे पत्र घडी करून तुमच्याच तांब्यात ठेवते आहे. खरं सांगू? तुम्ही आज असतात, तरी ते तुमच्या हाती पडू दिलं नसतं.