डार्विनला मी एकटी जाणार

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार, पहाट

रात्रभर झोप नाही. कारण सुसर.

हे कोणाला सांगणार नाही, म्हणून लिहून ठेवते. वही वेदची आहे. दोन पानांवर त्याने रेघा ओढल्यात, बाकी कोरी.

ह्यांच्या जहाज दुरुस्तीच्या कंपनीने ह्यांना इथून, शारजातून, दोन वर्षांसाठी डार्विनला पाठवलं. ऑस्ट्रेलियात, अगदी वरच्या टोकाला, समुद्रावर. हे ऑगस्टमध्येच गेले. आता मी आणि वेद जायचं. वेद अडीच वर्षांचा, म्हणजे एकटीनेच जायचं. सिंगापूरला विमान बदलून. ह्यांनी फोनवर विचारलं, जमणार नसेल तर आत्ताच सांग, मग तू चिपळूणला आईकडे राहा, दोन वर्षांनी येतोच मी. मी म्हटलं, न जमायला काय झालं? फोन ठेवला आणि धास्ती बसली. ती अजून आहे.

पण जायला हवंच. वेद आता फोनलाच पप्पा म्हणतो. रिसीव्हर घेऊन झोपायला मागतो.

वरच्या मजल्यावरच्या केयाने इंटरनेटची पानं काढून आणली. डार्विनला येणाऱ्या पाहुण्यांना सूचना. केया दहावीला आहे, शारजातच जन्मली. माझं शिक्षण सातवी, अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. तिने पहिलंच पान वाचलं ते सुसरींचं. तिकडे नदीत सुसरी, खाडीत सुसरी, समुद्रातसुद्धा सुसरी. पाण्यापासून पाच मीटर लांब राहा. रोज एकाच वेळी एकाच जागी पाण्याकडे जाऊ नका, ती लक्ष ठेवून असते. मी म्हटलं बाई गं. केया म्हणाली, "रिलॅक्स आंटी, जस्ट रीड द साइन्स."

तिकडच्या पाट्या वाचता आल्या असत्या तर मी हिला कशाला बोलावलं असतं.

निश्चय: आजपासून घाबरायचं नाही.

१५ नोव्हेंबर

दादा आला होता. माझा मोठा भाऊ, सूर्यकांत. शेजारच्या अजमानला राहतो, लाँड्रीची व्हॅन चालवतो. त्याला सुसरीचं सांगितलं तर हसायलाच लागला. म्हणाला, चिपळुणात जन्म गेला तुझा, वाशिष्ठीच्या काठावर सुसरी ऊन खात पडलेल्या असायच्या, तू शेजारी कपडे धुवायचीस. मी म्हटलं त्या आपल्या होत्या. तो म्हणाला, त्यांना माहीत होतं का ते?

दादाला काही सांगण्यात अर्थ नाही.

जाताना म्हणाला, सुजे, खरं सांग, होणार आहे का तुझ्याच्याने? तू अजून एकटी दुबईला गेली नाहीस. मी म्हटलं, गेले नाही कारण काम पडलं नाही.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरं पान. समुद्रात ऑक्टोबर ते मे उतरायचंच नाही. जेलीफिश असतात. काचेसारख्या, दिसत नाहीत. चटका बसला की माणूस मरूही शकतो. त्यावर लगेच व्हिनेगर ओतायचं.

मग समुद्रकाठी शहर बांधलं तरी कशाला?

दुपारी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, व्हिनेगर आणलं. मोठी बाटली, सहा दिरहम, म्हणजे सत्तर रुपये. दुकानदार म्हणाला, चाची, लोणचं घालताय? रात्री दादाचा फोन. तोही तेच म्हणाला. लोणचं पोराचं घालणार आहेस का?

काही का म्हणेनात. तयारी ती तयारी.

२१ नोव्हेंबर

तिकडे गाड्या आपल्याकडच्यासारख्या डावीकडून. इथे उजवीकडून. सूचनेत आहे, रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा. म्हटलं आजपासून सवय करू. बँक स्ट्रीटवर उजवीकडे बघून पाय टाकला. डावीकडून पिकअप. पठाण ड्रायव्हर खिडकीतून बरंच काही बोलला, त्यातलं मला फक्त "यल्ला", म्हणजे चल नीघ, एवढं कळलं. वेद म्हणाला, अगेन!

ही सवय तिकडे गेल्यावर करू.

२४ नोव्हेंबर

झोप नाही. आज कारण सामान.

तिकडे खाण्याचं काही आणलं तर विमानतळावर दाखवायला लागतं. बिया, दूध, मध, लाकूड, सगळं. लपवलं तर दंड. माझ्या बॅगेत कोकम, मेतकूट, गोडा मसाला, पोळपाट आणि देव्हाऱ्यातला नारळ. केया म्हणाली नारळ विसर. पोळपाट दाखवून विचारायचं. मी विचारलं, काय विचारायचं? तिने वाक्य करून दिलं. आरशासमोर उभी राहून पाठ केलं. आय हॅव वुड. इट इज फॉर चपाती. आय डिक्लेअर.

कोकमाचं मी स्वतःच केलं. दिस इज कोकम. इट इज नॉट अ‍ॅनिमल.

केया हसून जमिनीवर बसली. पण तिला म्हटलं सांग, चूक काय आहे? चूक नव्हती.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

आज प्रॅक्टिस. दादाने अजमानच्या समुद्रावर नेलं. वहिनी आणि मुलं गावी आहेत, त्यामुळे तो मोकळाच होता. वेदच्या कमरेला ओढणी बांधून दुसरं टोक मी धरलं आणि पाण्यापासून पाच मीटरवर बसलो. दादा पाण्यात गुडघाभर उभा राहून म्हणत होता, ये गं, इथे फक्त बांगडे आहेत.

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ, मिसरी म्हणजे इजिप्तचे असावेत, पाण्यातून ओरडत बाहेर आले. पायाला पांढरं चिकटलेलं. मी कसलाही विचार केला नाही. ओढणी दादाकडे फेकली, पिशवीतून बाटली काढली आणि त्यांच्या पायावर ओतली. अर्धी.

ती प्लॅस्टिकची पिशवी होती. ते शिंपल्याने कापलं म्हणून ओरडत होते. मग व्हिनेगरने ओरडले.

दादाने हबीबी हबीबी करत त्यांची माफी मागितली. परत येताना सबंध रस्ता ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तो सबंध रस्ता हसत होता.

पण एक लक्षात घेण्यासारखं आहे. वेळ आली तेव्हा मी पळाले नाही. तयारी चांगली चालली आहे.

२९ नोव्हेंबर

एजंटकडून तिकीट आलं. केयाने वाचून दाखवलं. दुबईहून नऊ डिसेंबर, रात्री एक चाळीस. डार्विनला पोचायचं दहा तारखेला, पहाटे तीन.

मला हसू आलं. हे उगाच लांब लांब करतात. नऊला रात्री एक चाळीसला निघून पहाटे तीनला पोचायचं, चिपळूणहून रत्नागिरीलाही एस.टी.ने जास्त वेळ लागतो. मध्ये सिंगापूर पण उरकणार. केया काहीतरी सांगायला लागली की तिकडची घड्याळं पुढे आहेत. मी म्हटलं, असू देत. घड्याळांचा हिशोब मी करत बसणार नाही, तो पायलट करेल. तिचा क्लास होता, ती गेली.

ह्यांचा फोन आला. खोली घेतली, वेदसाठी छोटी खाट घेतली. खोलीत फोन नाही, बूथवरून करतात. कंपनीचा एक नंबर आहे, तो दादाकडे दिलाय. म्हणाले, दहाला पहाटे मी एअरपोर्टवर उभा असेन, तू फक्त ये. आवाज वेगळा वाटला. सर्दी झाली असेल.

३ डिसेंबर

दादाशी भांडण. म्हणाला, मी सोडायला येतो, विमान कधी ते सांग. मी म्हटलं नको. म्हणाला, का? मी म्हटलं, इथे तू सोडशील, सिंगापूरला कोण सोडेल? सुरुवातीपासूनच एकटी गेले तर जमेल.

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग बोलला ते बोललाच. "सुजे, तू दारातून एकटी बाहेर पडलेली मी बघितलेली नाही. पोरगं बरोबर आहे. हट्ट करू नकोस. नाहीतर सरळ चिपळूणला जा, तिकीट मी काढतो."

मी म्हटलं, आता तुला फोन करीन तो ऑस्ट्रेलियातून.

तारीख, वेळ काही सांगितलं नाही. तो चहा न घेता गेला. कप तसाच. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं.

६ डिसेंबर

शेवटचं पान. टोपी घाला. पाणी भरपूर प्या. हा पावसाचा मोसम, वादळ येऊ शकतं, रेडिओ ऐका. टिप द्यायची पद्धत नाही. लोक मोकळे असतात, अडचण आली तर न लाजता मदत मागा.

ही शेवटची सूचना मला लागू नाही.

८ डिसेंबर, बुधवार, संध्याकाळ

सामान बांधून तयार. घरचा फोन कापून नेला. पलंग उद्या सकाळी झुबेदाभाभींचा भाऊ नेणार. किल्ली वॉचमनला द्यायची. उरलेल्या दिरहमचे ऑस्ट्रेलियाचे डॉलर करून घेतले, फक्त टॅक्सीपुरते ठेवले. तिकडच्या नोटा प्लॅस्टिकच्या आहेत. वेदने एक चावून बघितली, काही झालं नाही.

झुबेदाभाभी, समोरच्या दारातल्या, मंडणगडच्या. समोसे घेऊन आल्या. चंद्र दिसला, रमजान लागला म्हणाल्या. मी विचारलं, रोजा उद्या ना? म्हणाल्या, रोजा उद्या, पण रात्र आजची. आमच्यात सूर्य बुडाला की पुढची तारीख.

मग विचारलं, तुझं विमान आज रात्रीच ना? मी म्हटलं, नाही हो, नऊची रात्र, उद्या. त्या म्हणाल्या, अगं पण नऊ लागली की. मी म्हटलं भाभी, तुमची लागली. आमच्यात सूर्य उगवेपर्यंत आठच. दोघी हसलो. त्यांनी पुन्हा एकदा विचारलं, नक्की ना? तिकीट बघू का? मी म्हटलं, तुमच्या तारखेने विमान सोडायला लागले तर पायलटचा रोजा मोडेल.

बिचाऱ्या. मनाने चांगल्या आहेत, पण एवढी वर्षं इथे राहून हे कळलं नाही.

आता झोपते. आज दिवसभर सुसर आठवली नाही.

९ डिसेंबर, गुरुवार, सकाळ

काय झोप लागली! महिनाभरात अशी नाही. वेदही एकदा उठला नाही. ह्याचा अर्थ भीती गेली.

पलंग गेला. वॉचमनला किल्ली दिली. केया शाळेला जाताना भेटून गेली. डोळे पुसत होती, पण इंग्रजीत. तिने मला मिठी मारताना विचारलं, आंटी, तू अजून इथे कशी? मी म्हटलं, विमान रात्री आहे गं. ती काहीतरी बोलणार होती, खालून बसचा हॉर्न वाजला.

मी संध्याकाळी पाचलाच एअरपोर्टवर पोचणार. लवकर गेलेलं बरं.

९ डिसेंबर, संध्याकाळ, दुबई एअरपोर्ट

इफ्तार झाली. सगळीकडे खजुराचा वास आहे.

काउंटरवरच्या मुलाने तिकीट हातात घेतलं आणि बराच वेळ बघितलं. मला वाटलं नाव तपासतोय. मी माझं वाक्य म्हणायला सुरुवात केली, आय हॅव वुड. तो म्हणाला, "मॅडम, ये फ्लाइट कल रात को गया. खलास."

मी त्याला सांगितलं, आज नऊ आहे. तो म्हणाला, येस. मी म्हटलं, तिकिटावर नऊ आहे. तो म्हणाला, येस. मग त्याने बोटाने दाखवलं. रात्री बारा वाजले की नऊ लागते. एक चाळीस म्हणजे बारानंतर एक तास चाळीस मिनिटं. म्हणजे काल. मी समोसा खाऊन झोपले होते तेव्हा.

मी त्याला सूर्याचं सांगितलं. आमच्यात उगवल्यावर तारीख बदलते. त्याने ऐकून घेतलं. चांगला मुलगा, केरळचा. म्हणाला, मॅडम, एरोप्लेन को सूरज नहीं दिखता. वेदला दोन खजूर दिले.

दुसरं विमान मिळेल म्हणाला, पण तिकीट बदलायला मॅनेजर लागतो आणि मॅनेजर जेवायला गेलाय. मी ट्रॉलीशेजारी जमिनीवर बसलेय. वेद मांडीवर झोपलाय. घराची किल्ली माझ्याकडे नाही. घरात पलंगही नाही.

आता सगळा हिशोब लागतोय. एक दिवस विमानात आणि सिंगापुरात जाणार होता. केया तेच सांगत होती. झुबेदाभाभी तिकीट बघू म्हणाल्या होत्या. सगळ्यांना कळत होतं, आणि मी एकेकाला गप्प केलं.

तिकडे आता रात्र झाली असेल. हे पहाटे तीनला जाऊन उभे राहतील. सिंगापूरच्या विमानातून एकेक माणूस बाहेर येईल आणि हे बघत राहतील. मग शेवटचा माणूस येईल. ह्यांना वाटेल आम्हाला वाटेत काही झालं. ह्यांच्याकडे फोन नाही. कंपनीचा नंबर दादाकडे आहे.

एका बाईंनी त्यांचं फोनकार्ड दिलं. दादाचा नंबर पाठ आहे. लावला. तो हॅलो म्हणाला. दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "सुजे?"

मी काही बोललेच नव्हते. त्याला कसं कळलं?

मी ठेवून दिला. ऑस्ट्रेलियातूनच फोन करीन म्हटलं होतं. बाई कार्ड घेऊन त्यांच्या विमानाला गेल्या. माझ्याकडे प्लॅस्टिकच्या नोटा आहेत, त्या फोनवाला घेत नाही.

समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलंय. आजोबांच्या हातात मराठी पेपर आहे. हे पान फाडून त्यांना देणार आहे. ते गेले तर दुसऱ्या कोणाला. जो मराठी वाचत असेल त्याला.

हे वाचणाऱ्याला नमस्कार. मी सुजाता. लाल ट्रॉली, मांडीवर मूल, पोळपाट बाहेर डोकावतंय, ती मीच. मागच्या बाजूला नंबर लिहिलाय. माझा भाऊ सूर्यकांत, अजमान. त्याला एक फोन करा. सांगा सुजा आणि वेद बरे आहेत, दुबई एअरपोर्टवर आहेत, व्हॅन घेऊन ये. पण त्याआधी डार्विनच्या कंपनीला फोन लावून तिच्या नवऱ्याला निरोप दे, एअरपोर्टवर उभे राहू नका म्हणावं.

विमान चुकलं असं मात्र सांगू नका. विमान लवकर गेलं म्हणा.

नाही, सांगा काय ते खरं. हसू दे त्याला. पण तिकडचे तीन वाजायच्या आत फोन करा.