एका बशीतल्या गोळ्या

३ जानेवारी

चि. चिमणीस अक्काचे पोटभर आशीर्वाद.

आळशी, मंद, कामचुकार असा शिक्का बसलेल्या तमाम भगिनींनो! भाषणांची सवय जात नाही बघ; श्रोत्यांत तू एकटीच आहेस. शिवणकारखान्याच्या मुकादमाने चारचौघींत तुला गोगलगाय म्हटलं आणि तू राजीनामा लिहायला बसलीस? वीस वर्षं कापड बेतणारा हात वर्षभरात आळशी होतो? थंडी वाजते, केस गळतात, आवाज बसतो, हा गुन्हा नव्हे, थायरॉइडचा आजार आहे. पण सहा महिने गोळी घेऊनही फरक का नाही? कशी घेतेस ते कळव.

अक्षर वेडंवाकडं आलंय. हल्ली हात थरथरतो, ऐन थंडीत घाम फुटतो. सभांचा शीण, दुसरं काय!

रागावण्याचा हक्क असलेली,
अक्का

९ जानेवारी

ती. अक्कास वाकून नमस्कार.

गोळी घेते तुझ्याच हुकमाने! कुणाची चुकू नये म्हणून तूच नियम घातलास ना, सकाळी सगळ्या गोळ्या एका बशीत, चहाबरोबर, एकमेकांदेखत? थायरॉइडची, कॅल्शियमची, लोहाची, तिन्ही एका घोटात. आमचे हे पहारेकऱ्यासारखे उभे! गेल्या तपासणीत टीएसएचचा आकडा दुप्पट झाला. ग्रंथी कामाला लागली म्हणून मी खूश, तर डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. आकडा वाढणं वाईट म्हणे. गोळीची ताकद वाढवली, तरी मी तशीच. महिनाअखेर राजीनामा देतेच.

माया पातळ करू नकोस.
चिमणी

१४ जानेवारी

चि. चिमणे,

ती बशी आधी फोड! पत्र वाचून तडक औषधाच्या दुकानातल्या बाईंकडे गेले. त्यांनी मलाच शाळेत बसवलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीने हार्मोन बनवावं म्हणून ती रक्तातून निरोप धाडते. ते हार्मोन पोचलं तर अंगाला ऊब, हाताला चपळाई. नाही पोचलं तर ती आणखी जोराने हाका मारते. तुझा वाढलेला आकडा म्हणजे त्या हाका! आणि गोळीतलं हार्मोन कॅल्शियम नि लोह पोटातच अडवून धरतात. जन्मभर मुकादमांना जाब विचारला, इथे मुकादम मीच निघाले. चुकले गं.

डॉक्टरीणबाईंना हे सांग. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने, बाकीच्या दोन्ही चार तासांनी. राजीनामा दोन महिने थांबव.

शरमलेली,
अक्का

१८ मार्च

ती. अक्का आणि तापट म्हणून हिणवल्या गेलेल्या तमाम भगिनींनो!

आकडा जागेवर आला. वाढवलेली ताकद डॉक्टरीणबाईंनी पुन्हा उतरवली. काल कापडाच्या ऐंशी थरांचा गठ्ठा एका दमात बिनचूक कापला. मुकादम म्हणाला, गोगलगायीला चाकं फुटली. मी म्हटलं, माफीही तेवढ्याच मोठ्याने माग. मागितली, पुटपुटत का होईना. राजीनाम्याच्या कागदावर बाहीचा नमुना काढलाय.

आता तुझं. थरथर, घाम तूच लिहिलंस. भाऊजी सांगत होते, खाणं दुप्पट तरी कपडे सैल, झोप नाही, छाती धडधडते. हार्मोन कमी पडलं की माझ्यासारखं होतं. जास्त झालं की कदाचित तुझ्यासारखं. घाबरू नकोस, तुझी मतं ग्रंथीतून आलेली नाहीत, ती आईची आहेत; कुठल्याही औषधाने उतरायची नाहीत. पण ही थरथर सभांची नव्हे.

सोमवारची तुझी सभा दहाला आहे, लॅब सातला उघडते. आधी रक्त देऊन ये, मग माईक हातात घे.

तुझीच ऊब पांघरलेली,
चिमणी