गच्चीवरच्या मनोऱ्याचा ठराव

६ एप्रिल, रविवार. सकाळी ७.१०
हौशी रेडिओचा परवाना फ्रेम करून भिंतीवर लावला. निवृत्तीनंतर परीक्षा देऊन मिळवलेला. आता अँटेना हवा. अँटेनासाठी गच्चीवर बारा मीटरचा मनोरा हवा. आणि मनोऱ्यासाठी सोसायटीच्या उपविधींत दुरुस्ती हवी, कारण गच्चीवर पाण्याच्या टाकीखेरीज काहीही उभारण्यास मनाई आहे. त्यानंतर ब्राझील, फिनलंड, जपानशी थेट संभाषण. सदतीस वर्षे फिजिक्स शिकवले. बारा फ्लॅटना समजावण्यास एक तास पुरे.

८ एप्रिल
अध्यक्षा सुलेखा साळवे मॅडम यांना भेटलो. बँकेत अधिकारी, मोजके बोलतात. म्हणाल्या, सर, चौदा तारखेची जयंती होऊ द्या, तोवर मला श्वास घ्यायला फुरसत नाही. मग सभा घेऊ, माझी काही हरकत नाही. समोरच्या फ्लॅटमधील गोजरबाई जिन्यात भेटल्या. मूळच्या फुलंब्रीच्या. माझ्या कुरडयांच्या खाटेला जागा ऱ्हाईल का, एवढेच विचारले. राहील म्हणालो. मग करा उभा, म्हणाल्या.
हे समाधानकारक नाही. माहितीशिवाय दिलेली संमती टिकत नाही. संकल्प: सर्वांना सखोल माहिती देणे.

२० एप्रिल
पार्किंगमध्ये माहितीसभा. अठ्ठावीस स्लाइड्स: 'संभाव्य धोके व त्यांचे निराकरण'. वीज, वादळ, रेडिओलहरी. पद्धत नेहमीचीच: आधी सर्व धोके पूर्णपणे उलगडायचे, मग सर्वांचे निराकरण. वीज कोसळण्याच्या स्लाइडपासून सर्वजण लिहून घेऊ लागले. धोके संपले तेव्हा चहा आला. निराकरण राहिले. सुलेखा मॅडम म्हणाल्या, सर, एवढं काही होऊ शकतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.
सभा यशस्वी.

२३ एप्रिल
हरकतीचे नऊ अर्ज आले. सर्व वाक्ये माझ्याच स्लाइड्समधील, क्रमांकासह. श्रोते अभ्यासू आहेत. प्रत्येकास लेखी उत्तर देणार. त्यासाठी मनोरा पडलाच तर कोठे पडेल, याचे गणित मांडतो.

२५ एप्रिल. दुपारी ४.२०
गणित पूर्ण. पश्चिमेचा वारा धरल्यास मनोऱ्याचा शेंडा कठड्यावरून वाकून चौथ्या मजल्यावरील पूर्वेच्या खिडकीत येतो. ती आमच्या बेडरूमची आहे. गणित पुन्हा केले. पुन्हा आमचीच. शक्यता अत्यल्प, घाबरण्याचे कारण नाही.
पलंग सरकवला. सौ. रत्नमालेने कारण विचारले. हवा खेळती राहावी म्हणून, असे सांगितले.

२ मे
दुपारी दौलताबादच्या बाजूने ढग. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत नऊ सेकंद मोजले, म्हणजे तीन किलोमीटर. मग सहा सेकंद. मग मोजणे थांबवले. हॉलच्या मध्यभागी दोन्ही पावले जुळवून, कानांवर हात ठेवून उकिडवा बसलो; ही शास्त्रोक्त अवस्था आहे. रत्नमाला दारातून म्हणाली, अहो, मनोरा अजून उभा राहायचाय.

६ मे
अनपेक्षित अडथळा. गोजरबाई घरोघर फिरून लोकांना पटवत आहेत. फुलंब्रीला आमच्या शेताच्या कडेला मोबाइलचा टॉवर हाय, धा वर्सं झाले, त्याच्या सावलीत म्हशी बसतेत, दूध थेंबभर कमी झालं नाय, असे सांगतात. हे शास्त्र नव्हे. त्यांना थांबवू पाहिले, तर म्हणाल्या, सर, तुमी घोर करू नका, म्या करून देते. आठ हरकती मागे घेतल्या गेल्या.
ठरावाच्या मसुद्यात दोन अटी घातल्या: मतदान गुप्त, मंजुरी एकमताने. सुलेखा मॅडम म्हणाल्या, सर, दोन तृतीयांशांत भागतं, तुम्ही स्वतःलाच का अडवता? इतक्या गंभीर विषयाला बहुमत शोभत नाही, असे मी समजावले.

१० मे
नववी हरकतही मागे. आनंद झाला असावा.
आकाश निरभ्र. तरी खिडक्या लावून घेतल्या.

११ मे, रविवार. दुपारी १.००
मते बारा. अनुकूल अकरा, प्रतिकूल एक. ठराव फेटाळला गेला.
समाज अजून भित्रा आहे, असे मी उभे राहून खेदाने नमूद केले. मतदान गुप्त असल्याने हे एक मत कोणाचे, हे कळण्यास मार्ग नाही. सुलेखा मॅडमनी नियमानुसार चिठ्ठी वाचली: 'नाही'. खाली सात मुद्दे, दोन तळटीपा. मागील बाजूस आकृती, वाऱ्याची दिशा बाणाने दर्शवलेली. सर्वजण बराच वेळ माझ्याकडे पाहत होते. मी प्रस्तावक असल्याने ते स्वाभाविक आहे.
जाताना गोजरबाई म्हणाल्या, भेव वाटत व्हतं तर तसं म्हणायचं की सर, आमी कशाला एवढं धाडस केलं?
ज्या कोणी काढली असेल, आकृती प्रमाणबद्ध होती.