आजारी बुरशी

महाड, सप्टेंबर २००१

प्रिय अस्मिता,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी आणि खाली सही. तिकडे शाई फार महाग दिसते. 'आपल्या बुरशीचा नमुना पाठव, इथे काम सुरू करतेय', एवढंच. मी कसा आहे हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, बरा आहे. बुरशीचं मात्र विचारू नकोस, असं महिन्यापूर्वी लिहावं लागलं असतं.

झालं असं की मे महिन्यात मी पेपर तपासायला अलिबागला गेलो आणि बुरशीच्या नळ्या आमच्या नव्या देवव्रत सरांवर सोपवल्या. तू सोपवून गेलीस त्याच नळ्या. मुलगा मोठा टापटिपीचा. त्याने नवं खाद्य भरताना तरारलेली, पांढरीशुभ्र वाढ तेवढी पुढे घेतली आणि मरतुकडी फेकून दिली. परत आलो तर म्हणतो, सर, बघा तुमच्या नळ्या किती सुधारल्या. त्याला काय बोलणार? चांगलं ठेवावं, किडकं टाकावं, हेच तर आपण वर्गात शिकवतो. मी त्याला चहा पाजला. मग कुंडीतल्या नाचणीवर ती बुरशी लावून पाहिली. रोपं बघता बघता करपली. आपल्या बुरशीला जो विषाणू पोखरत होता, ज्याच्यामुळे तिला पिकाचा जीव घेता येत नव्हता, तो गेला होता. बुरशी ठणठणीत बरी झाली होती. एखाद्याचं दुखणं बरं झालं म्हणून मी असा खचलो, हे सांगायचं कोणाला? घरी आलो, कुकर लावला आणि न जेवताच झोपलो.

आता उरला होता फक्त डोंगरावरच्या वाडीतल्या बायजाचा नाचणीचा वाफा, जिथे आपल्याला ती पहिल्यांदा सापडली. तीन आठवड्यांपूर्वी पोलादपूरला एसटीतून उतरून वर चढलो. वाडी ओळखू येत नाही गं. घरांना कुलपं, उतारावरच्या वरकस जमिनीत छातीभर गवत. माणसं मुंबईला गेली, नाचणी गेली, आणि नाचणी नाही तर बुरशीने जगावं कशावर? मला वाटलं, संपलं सगळं. पण गोठ्यामागे तेवढा एक तुकडा हिरवा होता. बायजा खुरपं घेऊन बसलेली. माझ्या मागे वाटेकडे बघत म्हणाली, "मास्तर, ती बाय नाय आली? तिनंच सांगलान हुतं, मी येईस्तवर वाफा मोडू नको. म्हनून पेरते दरसाल."

तू जाता जाता सहज बोलून गेली असशील. तिने ते धरून ठेवलं. पानांवर करपा होता, पण डाग टाचणीच्या डोक्याएवढे, आणि कणसं भरत आलेली. म्हणजे इथली बुरशी अजून आजारीच होती. मी बांधावर बसलो आणि रडलो. बायजाने पाणी आणून दिलं.

त्या पानातली बुरशी बशीत वाढवली. तशीच विरळ, फिकट. शेजारी देवव्रतची धट्टीकट्टी ठेवली. दोघींचे धागे भिडले, एकजीव झाले आणि धट्टीकट्टी हळूहळू मलूल पडली. तू म्हणायचीस ते आठवलं, हा विषाणू वाऱ्याने जात नाही, पाण्याने जात नाही, त्याला जवळच यावं लागतं.

पाकीट फोडल्यावर तू आधी नमुन्याचं नाचणीचं पान शोधलं असशील. ते मी घातलेलं नाही. टिपकागदात नीट वाळवून ठेवलंय, पण टपालाने पाठवणार नाही. कापणी झाली की बायजाचा मुलगा विनोद तिला मुंबईला न्यायचं म्हणतोय, मग पुढच्या वर्षी तिथे कोणी पेरणार नाही. तू येईपर्यंत मोडायचा नाही म्हणून बायजा त्याला अजून हो म्हणत नाहीये. इतकी वर्षं मी तुला बुरशीची खबर कळवत राहिलो, कारण दुसरं काही लिहायचं धाडस नव्हतं. आता लिहितो. मला तुझ्यावाचून फार एकटं वाटतं. पान घ्यायला तू स्वतः ये, आणि बायजाला तुझ्या तोंडाने सांग की आता वाफा मोडला तरी चालेल.

वाट पाहणारा, तुझाच,
कमलाकर