आराधना शिलेवर माझी लुंगी

मातले,
पोसोन पौर्णिमेनंतरचा दहावा दिवस

तीर्थरूप अक्काच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या गुणतिलकचा नमस्कार. त्रिरत्नांच्या कृपेने अम्मा आणि मी धडधाकट आहोत (अम्मा जास्त). भावोजींचा खोकला कसा आहे? धण्याचा काढा पितात, की अजून तुझी पाठ वळली की कुंडीत ओततात?

आपल्या विहाराच्या बसने यात्रा करून आलो. पहिला मुक्काम सिगिरिया. सगळे त्या प्रचंड खडकावरचा जुना राजवाडा बघायला धावले, अम्मा मात्र पायथ्याच्या कमळतळ्याशी बसून राहिली. म्हणाली, "बापाला मारणाऱ्या राजाच्या घरी मी पाहुणी जाणार नाही." (दीड हजार वर्षं झाली, पण अम्माचा राग तुला ठाऊक आहे.) तिच्या सोबतीला मी थांबलो आणि पद्मसीलीही थांबली. ही आपल्या मागच्या गल्लीतली, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, नवरा जाऊन आठ वर्षं झाली. तिने भात आणि फणसाची भाजी आणली होती. कुमुदिनी जाऊन मी विधुर झालो, त्या बारा वर्षांत मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला नव्हता. त्या दिवशी घेतला.

अनुराधपुरात बोधिवृक्षापुढे अम्मा तासभर हात जोडून बसली. काय मागितलंस, विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?"

पोसोनला, म्हणजे आपल्या देशात धम्म आला त्या पौर्णिमेला, मिहिंतले. पायऱ्या अम्मा माझ्या आधी चढली, पण वरच्या उभ्या खडकावर, आराधना शिलेवर, मला एकट्यालाच पाठवलं. अक्का, अर्ध्या खडकावर असा वारा सुटला की माझी पांढरी लुंगी छत्रीसारखी उलटू लागली. कठडा धरावा तर लाज जाते, लाज धरावी तर जीव! मी दोन्ही हातांनी लाज धरली आणि डोळे मिटून उभा राहिलो. मागे शे-दीडशे भाविक खोळंबले. एक म्हातारा ओरडला, "अहो, ध्यानाला बसायचं तर खाली बसा की!" तेवढ्यात मागून पद्मसीली आली. खांद्यावरची पिन काढून तिने माझी लुंगी गुडघ्याशी टाचली आणि म्हणाली, "गुरुजी, आता एक हात मोकळा झाला. तो इकडे द्या."

दिला. खाली उतरून चाफ्याच्या झाडाशी पोचलो, तरी दोघांपैकी कुणीच सोडवून घेतला नाही.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.
तुझा,
गुणतिलक

ता. क. : खरं सांगायचं ते राहिलंच. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी आईपुढे हा विषय काढायला माझी जीभ रेटत नाही. अम्माला तू पत्र लिही. तुझं ती ऐकते. पद्मसीलीला काय विचारायचं ते नंतर बघू.

ता. क. २ : लोकू, माझ्या थोरल्या लेकी, मी अम्मा. टपालात टाकायला याने पत्र माझ्याकडेच दिलं. वाचलं. पद्मसीलीला मी परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारून आले. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं तर हो म्हणेन." याला सांगितलेलं नाही. तूही काही कळवू नकोस. कुमुदिनीच्या वेळीही मीच विचारलं होतं गं. एवढं एकदा त्याला स्वतःच्या तोंडाने विचारू दे.